बाहेरून येणाऱ्याचं नाक

मी, भामाबाई मोतीराम हिवराळे, वय एकाहत्तर, धंदा उदबत्त्या वळणे, राहणार हर्सूल, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीनं करून ठेवते. माझ्यावर कुणाचा दबाव नाही, आणि टाकायचा म्हटलं तरी मी दबणारी बाई नाही, हे हर्सुलात कुणालाही विचारावं. डोकं ठिकाणावर आहे. डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं, हाताला कंप नाही. नाक मात्र गेलेलं आहे. मृत्युपत्राला नाक लागत नाही असं वकीलसाहेबांनी सांगितलं, म्हणून पुढचा मजकूर सांगते आहे. वकीलसाहेब म्हणजे विश्वजीत साळवे. ते लिहून घेत आहेत आणि मध्ये मध्ये "एवढ्याची गरज नाही, मावशी" म्हणत आहेत. गरज आहे की नाही हे मरणाऱ्यानं ठरवायचं असतं. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. माझी माणसं. नवरा मोतीराम कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्यांचं नाव मी उखाण्याशिवाय घेते, पहिल्यापासून सवय आहे. मुलगा संघपाल वाळूजच्या कंपनीत आहे, बजाजनगरला राहतो. करुणा त्याची बायको. मुलगी सुलेखा फुलंब्रीला दिली आहे. सगळी माणसं चांगली आहेत. इतकी चांगली की त्याचाच मला त्रास झाला, ते पुढं येईल.

कलम २. घर. हर्सूलचं राहतं घर, पुढच्या दोन खोल्या आणि न्हाणीसकट, आम्हा दोघांच्या स्वकष्टाचं आहे. ते संघपाल आणि सुलेखा यांना निम्मं निम्मं. संघपालनं बहिणीपुढं हक्कसोडीचा कागद ठेवू नये, आणि ठेवलाच तर सुलेखानं पेन हातात धरू नये. माझ्या भावांनी मला एक साडी देऊन सही घेतली होती. ती साडी दोन धुण्यांत विटली.

कलम ३. बँकेत जे काही असेल त्यातून माझ्या पुण्यानुमोदनाचं जेवण घालावं. साधं जेवण, गोड एकच. उरेल ते विहाराच्या अभ्यासिकेला. कानातलं सुलेखाला, पाटल्या करुणाला. पाटल्या आतून पोकळ आहेत, सोनाराकडे नेल्यावर उगाच माझ्या नावानं बोटं मोडू नयेत.

कलम ४. कारखाना. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड, एक दगडी खल, दोन चाळण्या, बत्ती वळायचे सागवानी पाट आणि पत्र्याचे डबे. मोतीराम याला कारखाना म्हणायचे म्हणून मीही म्हणते.

आम्ही मसाला बत्ती करायचो. बाजारात मिळते ती बहुतेक कोळशाच्या भुकटीची काडी असते, वरून सेंटात बुडवलेली. ती पेटवल्याबरोबर नाकात घुसते आणि विझली की संपली. मसाल्याच्या बत्तीत सेंट नसतं. ऊद, राळ, वाळा, नागरमोथा, जटामांसी, लाकडाची बारीक पूड, मध, आणि सगळं धरून ठेवायला जिगट नावाच्या चिकट सालीची भुकटी. हे मळून काडीवर हातानं वळायचं, सावलीत वाळवायचं आणि डब्यात मुरू द्यायचं. ती सावकाश पेटते, वंदना होऊन माणसं चहाला बसली तरी जळत असते, आणि तिचा खरा वास ती विझल्यावर कळतो. दुसऱ्या दिवशी पडदा झटकला तरी येतो.

मोतीरामची एक रीत होती. नव्या मसाल्याची पहिली काडी बंद खोलीत लावायची, सगळ्यांनी बाहेर यायचं, चहा प्यायचा, आणि काडी संपली की बाहेरच्या माणसानं आत जाऊन वास सांगायचा. मळणाऱ्याचं नाक मळता मळता विटलेलं असतं, ते त्या दिवशी धरायचं नाही. बाहेरून येणारं नाक माझं होतं. मी आत जायची आणि सांगायची, वाळा दबलाय, किंवा राळ फार पुढं पुढं करते. मग मोतीराम पुन्हा मळायला बसायचे. वाळा कधी ओलसर येतो, मध कधी पातळ निघतो, म्हणून मूठ तीच असली तरी वास तोच येत नाही. लोक मसाल्याचं माप विचारायचे. माप कधी नव्हतंच. ते मूठभर टाकायचे आणि मी नाही म्हणायची, असा आमचा धंदा होता, आणि संसारही बराचसा तसाच झाला.

त्या वर्षी आम्ही दोघंही आजारी पडलो. मी घरी, ते दवाखान्यात. त्यांना घरी आणता आलं नाही. पालिकेच्या माणसांनी परस्पर नेलं. संघपालला लांबून का होईना उभं राहता आलं, मला तेही नाही. त्या संध्याकाळी मी अंथरुणातून उठून घरात पडलेली त्यांची एक बत्ती फोटोपुढं लावली. धूर दिसत होता, वास येत नव्हता. मला वाटलं बत्ती सादळली. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आला नाही. रडूही आलं नाही. लोक म्हणाले, भामाबाई धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं सगळ्या अंगाला झालं होतं, आणि ते अजून उतरलेलं नाही.

तरी कारखाना चालू ठेवला, कारण हातांना दुसरं काही येत नव्हतं. नाक नव्हतं म्हणून मी डोळ्यांनी बत्ती पारखायला लागले. निखारा एकसारखा लाल पाहिजे. धूर सरळ वर जावा, हातभर गेल्यावर तुटावा. राख काडीला धरून राहावी, वाकावी आणि अखंड खाली पडावी. राळ जास्त झाली की निखारा अडखळतो, म्हणून राळ थोडी कमी केली. मध जास्त झाला की काडी मध्येच विझते, म्हणून मधही कमी केला. लाकडाची पूड वाढवली. दर मसाल्याला काडी आधीपेक्षा चांगली जळायची. बाहेरून येणारं नाक आता करुणाचं होतं. रविवारी ती बजाजनगरहून यायची, चपला काढून सरळ आत जायची आणि बाहेर येऊन म्हणायची, तसाच आहे, आई, बाबांचाच. मग मी पाकिटांवर "मोतीराम मसाला बत्ती" चिकटवायला बसायची. वस्तीतली घरं घ्यायची, विहारात जायची, माल पडून राहत नव्हता. कुणी कधी तक्रार केली नाही. मोतीराम असताना दर महिन्याला कुणीतरी काहीतरी कुरकुर करायचंच, त्यामुळं मला तिथंच संशय यायला हवा होता.

कलम ५. वैर. वकीलसाहेब म्हणतात वैर मिळकतीत धरत नाहीत. मी धरते, कारण मी ते जपलं आहे.

देवळासमोर द्वारकाबाई कडूबा औताडे यांचं पूजेच्या सामानाचं दुकान आहे. आमचा माल तिथं पहिल्यापासून जायचा. तिच्या सासूच्या काळात ती म्हातारी आमच्या जुड्यांवर आधी पाणी शिंपडायची आणि मग हात लावायची. आम्ही बौद्ध, म्हणून. भिजलेली मसाला बत्ती पेटत नाही. मोतीराम तिला शांतपणे म्हणायचे, शिंपडा आजी, पण मग देवाला धूर मिळायचा नाही. म्हातारी ऐकायची नाही. ती वारली आणि त्याच आठवड्यात द्वारकाबाईनं पाण्याचा तांब्या दुकानातून उचलला आणि जुडी माझ्या हातातून आपल्या हातात घेतली. त्यावर आम्ही दोघी कधी काही बोललो नाही.

मोतीराम गेल्यावर पुढच्या वर्षी द्वारकाबाईनं माल परत पाठवला. मी पुन्हा पाठवला, तो पुन्हा परत आला. मग मी स्वतः गेले. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती. तिनं मला बाजूला घेतलं नाही आणि आवाजही चढवला नाही.

"भामाबाई, हिला वास नाय," ती म्हणाली. "भुशाचा धूर निघतो नुसता. देवापुढं लावाया कुनाला देऊ म्या ही?"

मी म्हणाले, सासूचा तांब्या सापडला वाटतं. ती गिऱ्हाइकाला नारळ देत राहिली. घरी येऊन मी सांगितलं तर संघपाल भांडायला निघाला, त्याच्यामागं वस्तीतली चार माणसं निघाली. करुणा म्हणाली, जाऊ द्या, कशाला. तिचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, बिचारीला भांडणाची भीती वाटते. त्या दिवसापासून द्वारकाबाईशी माझं बोलणं बंद. ती समोरून दिसली की मी तलावाकडच्या रस्त्यानं जायची, लांब पडलं तरी.

कलम ६. कारखाना कुणाला, ते. यंदा बुद्धपौर्णिमेला मी बजाजनगरला गेले होते. फोटोपुढचं पितळी उदबत्तीचं घर पुसायला घेतलं तर त्यात जळून उरलेल्या काड्यांचे दोन बुडखे होते. एक आमचा, हातानं तासलेला, चौकोनी, बिनरंगाचा. दुसरा मशीनचा, गोल आणि लाल. मी ते पुसून जागेवर ठेवलं. दोन दिवसांनी फुलंब्रीला सुलेखाकडं गेले, तिथंही दोन. मग विहारात गेले. तिथं वाळूच्या कुंडीत काड्या खोचतात. कुंडी भरली होती. चौकोनी बुडख्याशेजारी गोल, पुन्हा चौकोनी, शेजारी गोल, अशा जोड्या. एक काडी मोतीरामच्या नावाची आणि एक वासाची. सगळी वस्ती असं करत होती. कुणी कुणाला सांगितलं नसावं, ज्याला त्याला आपापलं सुचलं असणार, आणि प्रत्येकाला वाटलं असणार की भामाबाईला कळायला नको.

मी कुंडीपाशी बसून राहिले. राग येईल असं वाटलं, आला नाही. लाजही आली नाही. एवढंच कळलं की मोतीराम गेले तेव्हा त्यांचा वास मागं राहिला होता, आणि चांगली जळणारी काडी करता करता तो मीच माझ्या हातानं थोडा थोडा संपवला. द्वारकाबाईनं ते तोंडावर सांगितलं होतं. बाकी सगळ्यांनी माझ्यावर माया केली.

करुणाला विचारलं तेव्हा ती भांडी घासत होती. तिनं नळ बंद केला आणि पाठमोरीच उभी राहिली.

"बाबा गेले, आई. तुमचं नाक गेलं," ती म्हणाली. "आता तिसरं काय काढून घेऊ तुमच्याकडून? मला नाय जमलं ते."

मग आत जाऊन तू काय हुंगायचीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, सगळं कळायचं. आधी राळ गेली, मग मध गेला, वर्षभरातच नुसतं लाकूड राहिलं. हे सांगताना ती रडली. मी तिला पदर दिला. मला रडू आलं नाही.

तर कलम असं की कारखाना, खल, चाळण्या, पाट आणि डबे करुणा संघपाल हिवराळे हिला एकटीला मिळावेत. वकीलसाहेबांनी विचारलं, इतके दिवस खोटं बोलली तिलाच? हो, तिलाच. दर रविवारी "तसाच आहे" म्हणायला तो तसा नाही हे आधी कळावं लागतं. घरात नाक आहे ते तिचंच. फक्त तिला तोंडावर नाही म्हणायला शिकावं लागेल, आणि ते मी शिकवू शकत नाही, माझ्यासमोर तिची जीभच उचलत नाही. संघपालनं कोळशाच्या काड्यांचं मशीन आणायचा विषय पुन्हा काढू नये. शेडमध्ये असेल तो माझ्या हातचा माल, कलम ८ साठी एक काडी ठेवून, पाण्याच्या बंबात घालावा, जळायला उत्तम आहे. आणि वास परत येईपर्यंत पाकिटावर मोतीरामचं नाव लावू नये.

कलम ७. मोतीरामनं आजारी पडायच्या आधी वळलेली एक जुडी माझ्याकडं आहे. डब्यात आहे, झाकणाभोवती मेण लावलेलं. मी ती कधी उघडली नाही, उघडून मला काय कळणार होतं. आता त्यांच्या हातचं जगात एवढंच आहे. करुणाला वास परत आणायचा तर नमुना हाच. पण त्या जुडीत वास राहिला आहे की तीही गेली, हे मला माहीत नाही, आणि घरात कुणाला विचारायची सोय नाही. सगळे म्हणतील, तसाच आहे.

म्हणून ही जुडी मी द्वारकाबाई कडूबा औताडे यांना देते. माझ्या पश्चात त्यांनी डबा उघडावा, एक काडी लावून करुणाला मोतीरामचा वास दाखवावा आणि पुढं करुणाचा मसाला त्याच्याशी ताडून बघावा. जमला नसेल तर माल परत पाठवावा. त्यांना ते जमतं.

कलम ८. माझा विधी बौद्ध पद्धतीनं व्हावा. दहावं, तेरावं काही नाही. माझ्यापुढं माझ्या हातची एकच काडी लावावी. शेजारी दुसरी लावू नये. वास येणार नाही, तर न येवो.

पुरवणी. वरचा मजकूर टाइप होऊन आला त्या दिवशी साक्षीदार म्हणून मी द्वारकाबाईला बोलावलं. निरोप घेऊन सुलेखा गेली होती. येईल असं वाटलं नव्हतं. ती आली, दारातल्या पायरीवर बसली आणि वकीलसाहेबांनी वाचलेलं सगळं तिनं ऐकून घेतलं. तांब्याचं वाचलं तेव्हा ती जमिनीकडं बघत होती. कलम ७ वाचून झाल्यावर वकीलसाहेब अडखळले. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्यानं साक्षीदार राहू नये, असं ते म्हणाले. एक तर जुडी घ्या, नाही तर सही करा.

"सही करते की," द्वारकाबाई म्हणाली. "जुडी कशाला माझ्या नावावर? तुझ्याहून मोठी हाय मी. तू मरायची वाट बघत बसू व्हय? आन तो डबा. आत्ता लाव."

मी नको म्हणाले. का नको, ते त्या वेळी सांगता आलं नाही, इथं सांगते. मला भीती वाटली. आत जाऊन तिनं नाही म्हटलं असतं तर मोतीराम पुन्हा एकदा गेले असते, आणि तिच्या नाही म्हणण्यावर शंका घ्यायला जागा नव्हती. करुणा माझ्या तोंडाकडं बघत होती. मग ती न विचारता उठली आणि डबा घेऊन आली.

रीतीप्रमाणं केलं. खिडकी लावली, करुणानं काडी पेटवली, दार ओढून सगळे बाहेर आलो. चहा झाला. वकीलसाहेबांनी घड्याळ बघितलं, त्यांना कोर्टात जायचं होतं, पण मसाला बत्तीला घाई चालत नाही. सुलेखा मध्ये मध्ये खिडकीच्या काचेतून बघून निखारा कुठवर आला ते सांगत होती. काडी संपली तेव्हा द्वारकाबाई गुडघे धरून उठली आणि एकटी आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मला माझे हात मांडीवर आहेत हेसुद्धा कळत नव्हतं.

मग ती उंबऱ्यात आली.

"अर्धा गेलाय, भामा," ती म्हणाली. "मध नाय राहिला. वाळा बी नाय. पन खाली जे उरलंय ना, ते त्याचंच हाय. दुसऱ्या कुनाचं नाय ते."

हे दुसरं कुणी बोललं असतं तर मी मान हलवून सोडून दिलं असतं. पण ही बाई भर दुकानात माझा माल परत करणारी. ती अर्धा म्हणते म्हणजे अर्धा आहे. मी उठून आत गेले. धूर खाली बसला होता, राख अखंड पडली होती. माझ्या नाकाला काहीच आलं नाही. तरी ते तिथं आहेत आणि मी त्यांच्यात उभी आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी रडले. मोतीराम गेल्यापासून पहिल्यांदा रडले, मोठ्यानं, शेजारच्यांना ऐकू जाईल असं. करुणा आत यायला निघाली होती, तिला द्वारकाबाईनं हाताला धरून बाहेर बसवून ठेवलं.

म्हणून कलम ७ रद्द करते. जुडी कुणालाच नाही. मेण फुटलं आहे, उरलेला अर्धाही आता फार टिकायचा नाही, असं द्वारकाबाईचं मत आहे. जुडी संपेपर्यंत रोज संध्याकाळी एक काडी लागेल. काडी विझली की आधी करुणा आत जाईल आणि काय आलं ते सांगेल. मग द्वारकाबाई जाईल आणि करुणाचं बरोबर की चूक ते सांगेल. मग मी जाईन. करुणा तेवढ्यासाठी हर्सूलला राहायला आली आहे, संघपालनं आपला डबा आपण भरावा. माझ्या मरणानंतर वारसांनी ही जुडी शोधू नये, तिच्यावरून आपसात बोलू नये. तोवर ती आम्ही तिघींनी मिळून जाळलेली असेल.

हा सगळा मजकूर पुरवणीसकट मला वाचून दाखवला. तो माझाच आहे, यातला शब्द वकीलसाहेबांनी आपल्या पदरचा घातलेला नाही.

ठिकाण: हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
तारीख: २८ मे २०२५

सही: भामाबाई मोतीराम हिवराळे

साक्षीदार पहिले: पुंजाराम सखाराम मगरे, विहार समिती, हर्सूल. (दोन काड्या लावणाऱ्यांत हेही होते. सहीला हरकत नाही.)
सही: पुं. स. मगरे

साक्षीदार दुसऱ्या: द्वारकाबाई कडूबा औताडे, धंदा दुकान, राहणार हर्सूल. यांनी सहीच्या वर स्वतःच्या हातानं लिहिलं ते असं:

भामानं माझ्यासमोर सही केली. ती शुद्धीवर हाय. मी आत जाऊन आले आन जे सांगितलं ते खरं सांगितलं.
सही: द्वारकाबाई औताडे